आयटीआयचं वर्कशॉप ओस ठेवून कारखानदारी वाढत नसते

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की तुमच्या पेपरात आठवडाभर नव्वद-पंच्याण्णव टक्केवाल्या पोरापोरींचे फोटो येतात, येऊ देत, कष्ट केलेत त्यांनी, कौतुक झालंच पाहिजे. पण त्याच दिवसांत आयटीआयची ॲडमिशन पण सुरू होतात आणि त्याची बातमी आत कुठंतरी चार ओळींत असते, कुठल्या ट्रेडला किती जागा, शेवटची तारीख काय, संपलं. या चार ओळींच्या मागं जिल्ह्याच्या पोटापाण्याचा केवढा मोठा प्रश्न आहे ते कुणीतरी सविस्तर लिहायला पाहिजे असं बरेच दिवस वाटत होतं म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, पण कापू नका ही विनंती.

मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत छोटं मशीन शॉप चालवतो. फाउंड्रीतनं कास्टिंग म्हणजे ओतलेला लोखंडी पार्ट येतो, आम्ही मशिनिंग करून पुढं देतो, पंपाचे पार्ट, व्हॉल्व्हचे पार्ट, ट्रॅक्टरचं थोडं काम. मी स्वतः आयटीआयचा टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारा, मग पुण्याकडं एका मोठ्या कंपनीत ॲप्रेंटिस, तिथंच काही वर्षं नोकरी आणि मग इकडं येऊन स्वतःचं. त्यामुळं शिकणाऱ्याची बाजू पण बघितलीय आणि पगार देणाऱ्याची पण. आज आमच्या भागात कुठल्याही चहाच्या गाड्यावर उभं राहा, बी.ई. झालेला पोरगा सांगतो नोकरी नाही आणि त्याच्या शेजारी उभा असलेला शॉपवाला सांगतो सीएनसीला, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनला, सेटर म्हणजे मशीन लावून देणारा माणूस मिळेना, आणि दोघंही खरं बोलत असतात. हे असं का झालंय याचं उत्तर शिक्षणात आणि ट्रेनिंगमध्ये आहे, आणि माझं ठाम मत आहे की रस्ता, वीज, सबसिडी याच्याइतकाच हा विकासाचा प्रश्न आहे, थोडा जास्तच.

शिक्षणानं विकास होतो असं भाषणात सगळेच म्हणतात. पण तो होतो कसा, पैसा नेमका कुठनं येतो, ते शॉपमध्ये उभं राहिलं की डोळ्यांना दिसतं. उदाहरण देतो, आकडे फक्त समजण्यापुरते धरा. समजा पंपाच्या बॉडीची शंभर कास्टिंग आली, बोअरचा म्हणजे आतल्या भोकाचा टॉलरन्स, मापात चालणारा फरक, शतांश मिलीमीटरमधला आहे. न शिकलेला ऑपरेटर असेल तर तो हिरवं बटण दाबतो, पीस काढतो, ठेवतो, पुढचा लावतो. इन्सर्टची, म्हणजे कापणाऱ्या पात्याची, धार गेलीय हे त्याला कळत नाही, साइज हळूहळू सरकत चाललाय हे कळत नाही, शंभरात आठ पीस रिजेक्ट. आता ते आठ पीस म्हणजे काय गेलं बघा, भट्टीची वीज गेली, मोल्डिंगची मजुरी गेली, टेम्पोचं भाडं गेलं, मशीनचा वेळ गेला, टूल गेलं, आणि ते कास्टिंग परत वितळायला जाणार म्हणजे परत वीज. तिथंच शिकलेला सेटर असेल तर तो आवाजावरनं ओळखतो, पाचव्या-सहाव्या पिसाला बोअर गेज लावतो, ऑफसेट म्हणजे मशीनमधलं टूलचं माप दोन-चार मायक्रॉननं सरकवतो, इन्सर्टची कडा फिरवतो, आणि रिजेक्शन दोनवर येतं. जागा तीच, मशीन तेच, वीज तीच, आणि सहा पीस जास्त विकले गेले. ते सहा पीस कुठल्या खाणीतनं आले नाहीत की कुठल्या पॅकेजमधनं आले नाहीत, ते त्या पोराच्या शिक्षणातनं आले. असं प्रत्येक शिफ्टला, प्रत्येक शॉपमध्ये धरून बघा.

पुढचं पण ऐका. असा माणूस हाताशी असला तरच माझ्यासारखा माणूस बँकेत जाऊन दुसऱ्या मशीनचं लोन काढायचं धाडस करतो. व्हीएमसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं उभं मिलिंग मशीन, ते चार-दोन लाखांत येत नाही, चांगलं घ्यायचं तर तीस-चाळीस लाखाला जातं, त्याचा हप्ता रविवारी पण चालूच असतो. चालवायला माणूस नसेल तर ते मशीन कव्हर घालून उभं राहतं आणि हप्ता मात्र भरावा लागतो. आमच्या एमआयडीसीत माणसाअभावी एकच शिफ्ट चालणारी मशीनं मी रोज बघतो, कागदावर गुंतवणूक झालेली आहे, उद्घाटनाचा फोटो पण आलेला आहे, उत्पादन निम्मं. आणि तिसरी गोष्ट म्हणजे शिकलेला माणूस कायम माझ्याकडं राहत नाही, आठ-दहा वर्षांनी तो जुना लेथ घेऊन स्वतःचं काहीतरी सुरू करतो, दोन पोरं हाताखाली घेतो. मालकाला त्या दिवशी वाईट वाटतं हे खरं आहे, पण गाव असंच मोठं होतं.

कोल्हापूरचं उद्यमनगर असंच झालं की. पंचगंगेच्या काठच्या उसाला पाणी पाहिजे होतं, ऑइल इंजिनं लागायची, ती बिघडायची, दुरुस्त करता करता इथल्या मिस्त्री लोकांनी स्वतः इंजिनं बनवायला घेतली. इंजिनाला कास्टिंग लागतं म्हणून फाउंड्री आली, फाउंड्रीला पॅटर्न लागतो म्हणून पॅटर्नमेकर तयार झाले, मग गुऱ्हाळाचे चरक, मग स्पेअर पार्ट, मग शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल. याच गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा बनवला होता, हे लोक बाहेरनं आलेल्या यंत्राकडं हात जोडून बघत बसणारे नव्हते, खोलून बघणारे होते. आता कुणी म्हणेल हे मिस्त्री कुठं शाळेत शिकले? बऱ्याच जणांचं शिक्षण कमी होतं, कबूल. पण त्यांना शिकवणारा उस्ताद होता, वर्षानुवर्षं त्याच्या हाताखाली राहून कानस धरायला शिकले. ते ट्रेनिंगच होतं, सर्टिफिकेट नव्हतं इतकंच. आणि दुसरं म्हणजे हे घडलं ते कुठल्या संस्थानात घडलं? जिथं शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड लावला, त्या संस्थानात. त्या काळचा रुपया म्हणजे काय ते जुन्या माणसांना विचारा. त्याच राजानं शाहूपुरीची गुळाची बाजारपेठ वसवली, कापडाची गिरणी काढली, राधानगरीचं धरण हातात घेतलं. शाळा, पाणी, बाजार आणि कारखाना हे सगळं त्यांना एकत्रच दिसत होतं. आपण आज शिक्षण खातं वेगळं, उद्योग खातं वेगळं, कौशल्य विकास खातं वेगळं करून ठेवलंय आणि तिघांचं एकमेकांशी बोलणं किती होतं देव जाणे.

त्याच्याही आधी महात्मा फुल्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण कमिशनपुढं निवेदन दिलं, त्यात त्यांनी सरळ हिशोबच मांडला की सरकारची तिजोरी रयतेच्या घामानं भरते आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या शिक्षणावर होतो, तेव्हा बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. म्हणजे हा विषय अर्थकारणाचा आहे हे आपल्याकडं एकशे चाळीस वर्षांपूर्वी सांगून झालंय.

आणखी एक उदाहरण इथनं तास-दोन तासांवरचं, किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला व्हीजेटीआयमध्ये शिकवायला होते, म्हणजे मूळचे मास्तरच. नोकरी सोडून बेळगावला सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटायचं त्यामुळं पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षं गेली. पुढं १९१० साली औंध संस्थानात कुंडलच्या माळावर कारखाना काढला तेव्हा तिथं निवडुंग आणि साप सोडले तर काही नव्हतं, तयार कामगार तर अजिबातच नव्हते. आसपासच्या खेड्यातली शेतकऱ्यांची पोरं घेतली, त्यांना मोल्डर केलं, फिटर केलं, टर्नर केलं. माणूस बाजारात तयार मिळत नाही म्हणून ते रडत बसले नाहीत. आज मला माझ्या धंद्यातल्या मित्रांना हेच सांगायचंय, पुढं सांगतो.

भाऊराव पाटलांचं तर या भागात घराघरात नाव आहे. १९१९ ला कराडजवळ काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, पुढं साताऱ्याला वसतिगृह. पण लोक विसरतात की भाऊरावांनी आधी ओगले काच कारखान्याच्या कंदिलांची आणि किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री केली होती, कूपरच्या कारखान्याशी त्यांचा संबंध होता, कारखानदारी त्यांनी आतनं बघितली होती. कमवा आणि शिका ही योजना मला वाटतं तिथनं आलेल्या विचाराची आहे, पोरगं शेतात राबेल, विहीर खणेल, इमारत बांधेल आणि शिकेल. त्या शाळांतनं शिकलेल्या पोरांनीच पुढं या भागातले साखर कारखाने, दूध संघ, बँका चालवल्या, हिशोब लिहिले, केमिस्ट झाले, चीफ इंजिनीअर झाले. सहकाराचं श्रेय पुढाऱ्यांना मिळतं, थोडं या वसतिगृहांना पण मिळालं पाहिजे.

पुणे-पिंपरीचं बघा. साठच्या दशकात टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, पुण्याचा कारखाना उभा राहत होता तेव्हा कंपनीचे प्रमुख सुमंत मुळगावकरांनी गाड्यांच्या आधी मशीन टूल बनवण्यावर आणि ॲप्रेंटिस घडवण्यावर भर दिला. त्या ट्रेनिंगमधनं बाहेर पडलेली माणसं आज भोसरी, चिंचवड, चाकणला वर्कशॉप मालक म्हणून भेटतात आणि पंचवीस-तीस वर्षांनी पण पहिलं वाक्य हेच असतं की मी अमुक बॅचचा ॲप्रेंटिस. मी स्वतः ज्या कंपनीत शिकलो तिथं पहिले कित्येक महिने मशीनला हात लावू दिला नव्हता, फक्त कानस, छिन्नी, हॅक्सॉ आणि व्हर्नियर. लोखंडाचा तुकडा सगळ्या बाजूंनी काटकोनात येईपर्यंत घासायचा, उस्ताद गुण्या म्हणजे काटकोन मापायची पट्टी लावून उजेडाकडं धरायचे, फटीतनं उजेड दिसला की परत घास. तेव्हा कंटाळा यायचा पण माप म्हणजे काय हे हाताला तिथं कळलं, आज कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर सुद्धा तेच उपयोगी पडतं.

मग बिघडलं कुठं? माझ्या मते १९८३ साली वसंतदादांनी विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजं काढायला परवानगी दिली त्यात त्यांचा हेतू चांगला होता, आपली पोरं डोनेशन भरून कर्नाटकात जात होती, खेड्यातल्या कितीतरी पोरांना त्या निर्णयानं संधी मिळाली, आयटीत गेली, परदेशात गेली, हे कुणी नाकारू नये. पण त्याच्या बरोबरीनं खालची पायरी मजबूत करायला पाहिजे होती ती केली नाही. डिग्रीच्या जागा भरमसाट वाढल्या, आयटीआय होतं तिथंच राहिलं आणि समाजात अशी समजूत पक्की झाली की दहावीला कमी मार्क पडले की आयटीआय. शेजारच्या पोराला आयटीआयला घातलं म्हटलं की लोक ‘का बरं?’ असं विचारतात, जसं काही पोरगं आजारी आहे. या समजुतीनं जेवढं नुकसान केलंय तेवढं मंदीनं केलं नसेल. बापानं दोन एकर रान गहाण ठेवून पोराला मेकॅनिकलच्या डिग्रीला घालायचं आणि त्या पोरानं चार वर्षांत एकदाही नीट लेथ चालवलेला नसायचा, मग पंधरा हजारावर ट्रेनी म्हणून यायचं. त्या पोराचा दोष नाही, त्याला कुणी शिकवलंच नाही.

दुसरीकडं आज आमच्या फाउंड्र्यांमध्ये मोल्डिंगला, फेटलिंगला म्हणजे कास्टिंग साफ करायला, भट्टीवर बिहार, यूपी, ओडिशाची पोरं आहेत. त्यांच्या मेहनतीवर भट्ट्या पेटतात आणि त्यांच्याबद्दल वाईट बोलणाऱ्यांशी मी कायम भांडतो. पण ती पोरं पण न शिकवता कामाला लावलेली, वाळूतला ओलावा किती पाहिजे हे त्यांना दहा ठोकरा खाऊन कळतं, आणि कळल्यावर पण त्यांच्या हातात कागद काही नाही, दुसरीकडं गेलं की परत हेल्पर म्हणूनच सुरुवात.

आता आयटीआयच्या आतलं. महाराष्ट्रात चारशेहून जास्त सरकारी आयटीआय आहेत, एवढं जाळं फार कमी राज्यांत असेल. इमारती आहेत, काही ठिकाणी मशीनं पण नवी आलीत. नाही तो माणूस. निदेशकाची, म्हणजे ट्रेड शिकवणाऱ्या मास्तराची, पोस्ट रिकामी, एका निदेशकाकडं दोन बॅच, कुठं तासिका तत्त्वावर घेतलेला पोरगा ज्याचे पैसे महिनोन्महिने येत नाहीत, तो मन लावून काय शिकवेल? मी एका तालुक्याच्या ठिकाणी बघितलं, सीएनसी आलेलं, प्लॅस्टिक पण काढलेलं नाही, कारण चालवून दाखवणारा कुणी नाही आणि बिघडलं तर जबाबदारी कुणाची या भीतीनं कुलूप. दुसऱ्या एका ठिकाणी वेल्डिंगच्या पोरांना रॉड मोजून, प्रॅक्टिकलला कच्चा माल नाही. वेल्डिंग हे पुस्तकातनं येत नाही साहेब, शंभर रॉड जाळल्याशिवाय हात स्थिर होत नाही. निदेशकांना शिकवायचं कसं हे शिकवणारी सायन-चुनाभट्टीला केंद्राची चांगली संस्था आहे, तिथनं तयार होऊन येणारे पण आहेत, पण त्यांना कायम पोस्टवर घ्यायचं कुणी?

केंद्रानं २०२५ च्या मे महिन्यात १ हजार आयटीआय सुधारायची ६० हजार कोटींची योजना मंजूर केली, त्यात राज्यांचा पण वाटा आहे आणि उद्योगांचा पण. चांगली गोष्ट आहे, मनापासून स्वागत. फक्त भीती एकच की हे पैसे परत फरशीत, पेंटमध्ये आणि डिजिटल बोर्डात जातील, कारण इमारतीचं बिल काढणं सोपं असतं. माझं मत विचाराल तर पहिला रुपया निदेशकाच्या पगारावर आणि दुसरा कच्च्या मालावर खर्च व्हायला पाहिजे, मशीन तिसऱ्या नंबरला.

आणि एक गोष्ट जी आम्ही शॉपवाले रोज अनुभवतो पण बोलत नाही, दहावी पास पोराला दशांश अपूर्णांक येत नाही. ०.२ आणि ०.०२ यातला फरक विचारला तर गप्प. माझ्या धंद्यात त्या एका शून्यावर पीस भंगारात जातो. ‘प्रथम’ या संस्थेचा २०२३ चा ‘असर’ अहवाल होता, ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांवर, त्यात निम्म्याहून जास्त मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता येत नव्हतं. तेव्हा ट्रेनिंग ट्रेनिंग म्हणून ओरडताना तिसरी-चौथीच्या वर्गाकडं पण बघितलं पाहिजे. जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर इलेक्शनच्या आणि सर्व्हेच्या कामाला पाठवला की त्याचं बिल दहा वर्षांनी कारखान्यात येतं.

शिक्षण खात्याला एवढं बोललो तर आता आमच्या लोकांना पण बोलतो, कारण सगळा दोष सरकारचा नाही. ॲप्रेंटिस कायदा १९६१ सालचा आहे. तीस किंवा जास्त माणसं असतील तर ॲप्रेंटिस घेणं सक्तीचं आहे, मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के, आणि त्याच्यापेक्षा छोट्या युनिटला मर्जी असेल तर घेता येतात. केंद्राच्या योजनेतनं स्टायपेंडचा काही भाग परत पण मिळतो. तरी किती जण घेतात? आणि जे घेतात त्यातले कितीतरी जण त्या पोराला लोडिंग-अनलोडिंगला, साहेबाच्या गाडीला, झाडलोटीला वापरतात आणि वर्ष संपलं की सही करून देतात. हे पाप आहे, सरळ शब्दात. एका पोराचं वर्ष खाल्लं आपण.

मालक का शिकवत नाहीत याचं खरं कारण मला माहीत आहे, आमच्या मीटिंगमध्ये ते उघड बोललं जातं. शिकवायचं आपण, त्याच्या हातनं टूल मोडायची आपली, रिजेक्शन सोसायचं आपण, आणि तो तयार झाला की शेजारचा दोन हजार जास्त देऊन उचलून नेणार. भीती खोटी नाही. पण सगळ्यांनीच असा विचार केला तर शेवटी उचलून न्यायला पण कुणी शिल्लक राहत नाही, आणि आज आपण नेमके तिथं आलोय, दोन-चार सेटर या शॉपमधनं त्या शॉपमध्ये फिरतायत आणि पगार तेवढे वाढतायत, माणसं वाढत नाहीत. ह्याच्यावर उपाय एकट्या मालकाच्या हातात नसतो, सगळ्यांनी मिळून करायचा असतो. जर्मनीत तेच केलंय. तिथं पोरगं आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस शाळेत, दोन ते साडेतीन वर्षं, परीक्षा उद्योगांच्या चेंबरची आणि चेंबरचं सभासद प्रत्येक कंपनीला व्हावंच लागतं, त्यामुळं शिकवण्याचा भार कुणा एकावर पडत नाही आणि सर्टिफिकेटला सगळीकडं किंमत असते. आपल्याच २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात आकडे दिलेत, १९ ते २४ वयाच्या कामगारांत रीतसर व्यवसाय शिक्षण घेतलेले भारतात ५ टक्क्यांपेक्षा कमी, जर्मनीत ७५ टक्के, दक्षिण कोरियात ९६ टक्के. आपल्या सरकारनं २०२४ ला जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला की इथली कुशल पोरं तिकडं पाठवायची, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, नर्स वगैरे. जाऊ देत, पोरांचं भलं होईल, घरी पैसे येतील. पण माणसं पाठवण्याबरोबर त्यांची शिकवायची पद्धत पण आणली असती तर इथल्या एमआयडीसींना त्याचा जास्त उपयोग झाला असता. आणि ती इथं चालत नाही असं कुणी म्हणू नये, छत्रपती संभाजीनगरला चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम आहेच, तिथनं टूल अँड डाय, म्हणजे साचे बनवायचं काम, शिकून बाहेर पडलेल्या पोराला कंपन्या शोधत येतात.

राज्य सरकारच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेबद्दल पण दोन शब्द, कारण त्यात आमच्या ओळखीतली बरीच पोरं होती. २०२४ ला सुरू झाली, बारावीला महिना ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८ हजार, पदवीधराला १० हजार विद्यावेतन. घरात दोन पैसे आले, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण मोठ्या संख्येनं पोरं सरकारी ऑफिसात, ग्रामपंचायतीत, शाळेत बसवली, फायली लावणं आणि डेटा एंट्री, आणि मुदत संपल्यावर कायम करा म्हणून आंदोलनाला बसली. त्यांचा राग मला समजतो, कारण त्यांच्या हाताला नवीन काही आलंच नाही. तोच पैसा, तीच पोरं, एमआयडीसीत एका चांगल्या सेटरच्या हाताखाली अकरा महिने दिली असती आणि त्या सेटरला शिकवण्याचे वेगळे पैसे दिले असते तर आज त्यातल्या बऱ्याच जणांना आंदोलनाला बसायला वेळ नसता.

मुलींचं लिहायचं राहायला नको. आयटीआयमध्ये मुलींना ३० टक्के जागा राखीव आहेत, तरी फिटर-टर्नरला मुलगी दिसली तर लोक वळून बघतात. सीएनसीला काही ताकद लागत नाही, डोकं आणि शिस्त लागते, आणि माझ्याकडं क्वालिटीला ज्या दोन मुली आहेत त्यांच्या हातनं चुकीचा पीस पुढं गेलेला मला आठवत नाही. पण त्यांना संध्याकाळची शेवटची एसटी चुकली तर घरी कसं जायचं, एमआयडीसीत लेडीज टॉयलेट कुठं आहे, हॉस्टेल कुठं आहे, याची उत्तरं कुणाकडं नाहीत. निम्मी हुशारी घरात बसवून कुठला जिल्हा पुढं जाणार?

शाळेतच हात चालवायला शिकवता येतं याचं उदाहरण पुणे जिल्ह्यात पाबळला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग, मोठ्या कंपनीत संशोधनात होते, ते सोडून १९८३ साली शिरूर तालुक्यातल्या या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम काढला. आठवी ते दहावीच्या पोरांनी आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, शेती, पशुपालन, आरोग्याच्या तपासण्या असली कामं करायची आणि ती गावातल्या लोकांची खरी कामं, शाळेतलं मॉडेल नाही. गोठ्याचं शेड करून द्यायचं, पैसे घ्यायचे, हिशोब ठेवायचा. असं करताना त्या पोराला क्षेत्रफळ आणि टक्केवारी आपोआप कळते. पुढं अमेरिकेतल्या एमआयटीनं देशाबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे वस्तू बनवून बघायची छोटी कार्यशाळा, तिथं, पाबळला काढली. हे चाळीस वर्षं आपल्या डोळ्यासमोर आहे आणि तरीही प्रत्येक माध्यमिक शाळेत अशी एक शेड नाही, कार्यानुभवाच्या तासाला पोरं अजून पताका कापतायत.

आमच्या बाजूनं काय करता येईल ते पण सांगतो म्हणजे फक्त मागण्या केल्या असं होणार नाही. गोकुळ शिरगाव, शिरोली आणि कागल या तीन एमआयडीसींच्या असोसिएशननी मिळून एकेक आयटीआय दत्तक घ्यावं, प्रत्येक शॉपनं वर्षाला एक तरी ॲप्रेंटिस घ्यावा, तो तीन-चार शॉपमध्ये फिरवावा म्हणजे त्याला फाउंड्री पण कळेल, मशिनिंग पण आणि क्वालिटी पण, शेवटची परीक्षा दुसऱ्या शॉपच्या माणसानं घ्यावी, आणि ट्रेनिंग पूर्ण होईपर्यंत त्याला कुणी पळवणार नाही असं सगळ्यांनी लिहून द्यावं. रिटायर झालेले उस्ताद गावागावात रिकामे बसलेत, सत्तरीतले टर्नर, पॅटर्नमेकर, त्यांना मानधन देऊन आठवड्यातले दोन दिवस आयटीआयत बोलवावं. नियमात बसत नाही असं उत्तर मिळतं, तर मग नियम बदलावा, तो आपणच केलाय. मी माझ्या शॉपमध्ये दोन ॲप्रेंटिस घ्यायला तयार आहे आणि संध्याकाळी सहानंतर लेथ मोकळे असतात तेव्हा जवळच्या आयटीआयच्या पोरांना प्रॅक्टिकलला द्यायला पण तयार आहे, कच्चा माल माझा.

आणि तुम्हाला एक विनंती आहे. ॲडमिशनच्या दिवसांत तुमच्या प्रतिनिधींना जिल्ह्यातल्या प्रत्येक आयटीआयत पाठवा. निदेशकांच्या मंजूर पोस्ट किती आणि भरलेल्या किती, कुठली मशीनं चालू आणि कुठली कुलपात, मागच्या वर्षी प्रॅक्टिकलच्या मालाला किती पैसे आले, पास झालेल्यांतले किती कामाला लागले, असा गाववार तक्ता छापा. त्याच्या शेजारी तीस माणसांच्या वरच्या कारखान्यांपैकी किती जणांनी ॲप्रेंटिस घेतले ते पण छापा, आमच्या असोसिएशनच्या लोकांची नावं त्यात आली तरी चालतील. हा तक्ता फॉर्म भरायच्या शेवटच्या तारखेच्या आधी आला तर आईबापांना ठरवायला उपयोगी पडेल.

आपला,
एक मशीन शॉपवाला
गोकुळ शिरगाव, ता. करवीर, जि. कोल्हापूर